माझ्या अक्षरातल्या नोंदी

मला माझ्या मुलीचा हेवा वाटायचा. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकते. परक्या पोरीचा वाटला असता तर चार बायकांनी समजून घेतलं असतं. पोटच्या पोरीचा हेवा करणारी आई कोणाला सांगणार? शेजारणीला तर नाहीच, आणि मुलीला तर त्याहून नाही.

सुरुवात झाली ती घोडबंदर रोडवरच्या एका विद्यापीठात. तिची बारावी झाली होती आणि ती मला आणि तिच्या बाबांना डोंबिवलीहून तिथे घेऊन आली होती. तिला तिथली चार वर्षांची जोडपदवी करायची होती, राज्यशास्त्र आणि आरोग्यविज्ञान, दोन्ही एकत्र. सकाळच्या तासांना संविधान, निवडणुका, सरकारी धोरणं, आणि दुपारी साथीचे रोग, पोषण, लसीकरण. तिचे बाबा एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीत सुपरवायझर. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र ओतायच्या म्हटलं की त्यांना आधी धूर दिसतो. त्यांनी प्रवेशाच्या टेबलामागच्या मुलीला विचारलं, "म्हणजे ही शेवटी होणार काय? डॉक्टर की आमदार?"

ती मुलगी हसून म्हणाली, "काका, दोघांनाही प्रश्न विचारणारी होईल."

सगळे हसले. मी नाही हसले. मला वाटलं ते वेगळंच काहीतरी होतं. ते कौतुक नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मी पर्समधून बाटली काढून पाणी प्यायले आणि फीचं विचारलं.

मी बारावीला आमच्या कॉलेजात राज्यशास्त्रात पहिली आले होते. मला बीए करायचं होतं आणि पुढे वकिली. माझे वडील ठाण्याला एसटीच्या खोपट डेपोत कंडक्टर होते. ते म्हणाले, "मतं मांडून कोणाचं पोट भरत नाही. नर्सिंगचा छोटा कोर्स आहे, नोकरी पक्की." भावाला मात्र तीन वर्षं बीकॉम करू दिलं, आणि त्याला तर त्यातलं काही आवडतही नव्हतं. मी नर्स झाले. नोकरी पक्की निघाली, हे कबूल. एकवीस वर्षं झाली. पण दोनांतलं एक निवडायची वेळ माझ्यावर आली, आणि ते एकसुद्धा मी निवडलं नाही. हिला तर निवडावंच लागलं नाही. दोन्ही ताटं वाढून समोर आली.

तिच्या वह्या मी चोरून वाचायचे. सकाळची ड्यूटी आटपून घरी आले की ती कॉलेजात असायची. जेवण झाल्यावर मी तिच्या टेबलापाशी बसायचे आणि भरून झाल्यामुळे घरीच राहिलेली राज्यशास्त्राची वही काढायचे. तिचं अक्षर गिचमिड, पण मला सवय झाली. राज्य सरकारचे अधिकार कुठले, महापालिकेचे कुठले, पैसा कुणाकडून येतो आणि अडतो कुठे. नोकरीत इतकी वर्षं ज्या गोष्टींनी माझं डोकं फिरवलं होतं, त्यांना नावं होती. आरोग्याच्या वहीत मात्र मी चुका शोधायचे. एकदा सापडली. लस थंड ठेवायची म्हणजे कितीही थंड, असं काहीसं तिने लिहून घेतलं होतं. त्या दिवशी जेवताना मी विषय काढून तिला सुनावलं, की काही लशी गोठल्या तर वाया जातात, हे आमच्या आरोग्य केंद्रातल्या झाडूवाल्या बाईलाही ठाऊक आहे. तिचा चेहरा उतरला. मला त्या रात्री छान झोप लागली.

ती बोलायची त्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "आई, आरोग्य हा मुळात राजकीय प्रश्न आहे गं." अगं बाई! मी नळ नसलेल्या चाळीत जुलाबावरच्या मीठ-साखरेची पाकिटं वाटत फिरले आहे. मला माहीत नाही का? पण मी ते कधी अशा वाक्यात म्हटलं नव्हतं. ते वाक्य तिला कोणीतरी फळ्यावर लिहून दिलं होतं. तिचे बाबा आमटीत भाकरी मोडत म्हणायचे, "तुम्ही मायलेकी कसल्या, सवती आहात."

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. एखादी वस्ती घ्यायची, तिथला एक आरोग्याचा प्रश्न घ्यायचा, आणि त्याच्या मागे काय आहे ते शोधायचं. ज्याचा प्रकल्प सर्वांत चांगला त्याला महापालिकेच्या आरोग्य विभागात वर्षभर काम करायला मिळणार होतं. जागा एकच. तिला ती हवी होती. ती झोपेतसुद्धा त्या जागेबद्दल बोलत असेल असं वाटावं इतकी हवी होती. आणि वस्ती तिने निवडली ती माझी.

माझी म्हणजे आमच्या केंद्राच्या हद्दीतली, खाडीलगतची. जुनं कोळ्यांचं गाव आहे, चारी बाजूंनी इमारतींनी घेरलेलं. त्यात दोन आळ्या, वरची आणि खालची. महिन्यातून एकदा तिथल्या समाजमंदिरात बाळांच्या लसीकरणाचं सत्र भरतं. टोचते मी, आणि रजिस्टरही मीच लिहिते. कोणतं बाळ आलं, कोणतं नाही, आणि नाही आलं तर का.

ती आमच्या केंद्रात आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तो चहा आत नेऊन ठेवायला मला सांगितलं. एकवीस वर्षांत त्या खोलीत मी उभीच असते. ती म्हणाली, "आई, तू पण बस ना," आणि डॉक्टर हसले. मी म्हटलं, बाहेर पेशंट आहेत. बाहेर कोणीही नव्हतं. मी लशींच्या फ्रिजचं तापमान दोनदा लिहिलं.

दोन आठवडे ती येत होती. समाजमंदिरातल्या सत्रात बसली, वरच्या आळीतल्या आयांशी बोलली, आणि मग माझी जुनी रजिस्टरं घेऊन पानामागून पान उतरवत बसली. मनात म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा. उन्हापावसात फिरून मी लिहायचं, आणि हिने पंख्याखाली बसून त्याचा तक्ता करायचा.

एका संध्याकाळी मी ओट्यापाशी कांदा परतत होते तेव्हा ती वही घेऊन आली. गाल लाल झाले होते.

"आई, सापडलं. खालच्या आळीतली बाळं सत्राच्या दिवशी येतच नाहीत, आठवडाभर उशिरा टोचून घेतात. दर महिन्याला. आणि कारण बघ, सगळीकडे एकच. घर बंद, घर बंद, घर बंद. म्हणजे त्या बायका सकाळी मासळी घेऊन बाजारात जात असणार. सत्र सकाळचं आहे, म्हणून त्यांना जमत नाही. ते संध्याकाळी घेतलं पाहिजे. बरोबर ना?"

बरोबर नव्हतं. त्या घरांची दारं सताड उघडी असायची. घर बंद हे मी लिहायचे.

खरी गोष्ट अशी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी गावदेवीच्या जत्रेत पालखी आधी कुठल्या आळीत फिरवायची यावरून भांडण झालं. डोकी फुटली. तेव्हापासून खालच्या आळीतलं माणूस वरच्या आळीतल्या समाजमंदिराची पायरी चढत नाही. लग्नाला नाही, सभेला नाही आणि लशीलाही नाही. आणि सत्र समाजमंदिरातच, कारण पंखा, पाणी आणि टेबल असलेली तेवढी एकच जागा, तीही वरच्या आळीच्या नगरसेवकांनी बांधून घेतलेली. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात लिहायला मोजून चार गोष्टी आहेत. घर बंद, बाळ आजारी, गावी गेले, नकार. पालखी असं लिहायची सोय नाही. नकार लिहिला तर वरून साहेब समजूत घालायला येतात, त्यांच्याबरोबर नगरसेवकांची माणसं येतात, "आमच्या हॉलला नाही म्हणता काय" म्हणून जुनी भांडणं उकरली जातात, आणि मग ती बाळं कायमची जातात. घर बंद लिहिलं की कोणाला राग येत नाही. मी घर बंद लिहायचे, आणि पुढच्या बुधवारी केंद्रातून लशींचा डबा भरून गुपचूप खालच्या आळीत जायचे. तिथे एका म्हातारीच्या ओट्यावर बसून सगळ्यांना टोचायचे. म्हातारीच आया गोळा करायची. आठवडाभर उशीर व्हायचा, पण एक बाळ राहिलं नाही.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वहीत नव्हतं, फळ्यावर नव्हतं. माझं राज्यशास्त्र म्हणायचं तर एवढंच, आणि ते माझं एकटीचं होतं. आता एका वाक्यात मी ते तिच्या हातात दिलं असतं, तिने त्याला एक छानसं नाव दिलं असतं, आणि घोडबंदर रोडवरच्या एखाद्या थंड हॉलमध्ये ते तिच्या नावाने पडद्यावर झळकलं असतं.

"बरोबर ना?" तिने पुन्हा विचारलं.

"तुझा अभ्यास आहे बाई," मी म्हटलं. "मला काय कळतंय त्यातलं."

कांदा करपला. तो तसाच आमटीत घातला, आणि सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

त्यानंतरच्या बुधवारी मी खालच्या आळीत गेले तर म्हातारी म्हणाली, "सिस्टर, तुझी पोरगी वरच्या आळीत आलती म्हणं. आमच्याकडं नाय आली गो. पाठव ना तिला. मांदेली तळून घालीन, गप्पा मारू."

म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलगी त्या ओट्यावर अर्धा तास बसली असती तर सगळं सगळं तिला कळलं असतं. मी म्हटलं, "सांगते तिला." आणि घरी येऊन सांगितलं नाही. पहिल्यांदा मी नुसती गप्प बसले होते. हे मात्र मी ठरवून केलं. तेव्हा मनाची समजूत काढायला मी स्वतःला सांगितलं, की तिची तिला शोधू दे, आयतं कशाला? सोळा पानं भरून लिहिते, मग खालच्या आळीपर्यंत चालत जायला काय झालं? एवढं म्हटल्यावर मला अगदी न्यायाने वागल्यासारखं वाटलं.

प्रकल्प मांडायच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. मी रजा टाकली. चांगली साडी नेसले. खरं तर मला तिथे जायचं नव्हतं, आणि न जाऊनही राहवत नव्हतं. हॉल मोठा होता, खुर्च्या मऊ होत्या. पुढच्या रांगेत महापालिकेतून आलेले दोन साहेब बसले होते. ती काळ्या पँटमध्ये, केस घट्ट बांधून उभी राहिली आणि बोलायला लागली. एकदाही अडखळली नाही. वस्तीचा नकाशा दाखवला, समाजमंदिर दाखवलं, मग पडद्यावर माझ्या रजिस्टराचं एक पान आलं. नावं झाकलेली, पण अक्षर माझं. निळ्या शाईतलं घर बंद, घर बंद, घर बंद. एवढं मोठं मी ते कधी पाहिलं नव्हतं.

ती म्हणत होती की या बायकांना निष्काळजी ठरवणं सोपं आहे, पण व्यवस्थेने आपली वेळ स्वतःच्या सोयीने ठरवलेली असते. वाक्य चांगलं होतं. फक्त त्या बायकांना लागू नव्हतं. एक साहेब मान डोलवत काहीतरी लिहून घेत होते.

बोलणं संपल्यावर तिच्या मॅडमनी विचारलं, "तुझा सगळा निष्कर्ष एका रकान्यावर उभा आहे. या नोंदी घरोघरी जाऊन पडताळल्यास का? नोंदी करणारे पुष्कळदा सोयीचं लिहितात."

मी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "आधी ठरवलं होतं, पण मग गरज वाटली नाही. ते रजिस्टर माझ्या आईने लिहिलंय. ती खोटी नोंद करणार नाही. बाकी कोणाचं असतं तर मी नक्की पडताळलं असतं." आणि तिने मागच्या रांगेकडे हात केला. "ती बघा, आलीय."

मॅडम हसल्या. हॉलभर टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसून उठवलं. मी उठले, आणि इतक्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायची ती आयुष्यातली पहिली वेळ. मी हात जोडले आणि बसले. पडद्यावरचं पान अजून तसंच होतं.

बाहेर मॅडम आम्हाला भेटल्या आणि म्हणाल्या, जागा जवळजवळ हिचीच समजा. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

परतताना बस घोडबंदर रोडला अडकली. पुढे कुठेतरी कंटेनर बंद पडला होता. ती खिडकीशी बसून मैत्रिणींचे मेसेज वाचत होती, हसत होती. मी तिला सगळं सांगितलं. पालखी, समाजमंदिर, बुधवार, म्हातारीचा ओटा, म्हातारीचा निरोप. काही गाळलं नाही. माझा आवाज रजिस्टर वाचून दाखवावं तसा निघत होता.

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"दोनदा विचारलं होतं. मग?"

"मला हेवा वाटला."

"कोणाचा?" तिला खरंच कळलं नव्हतं.

"तुझा."

तिने माझ्याकडे पाहिलं, जसं ओळखीच्या घरात वेगळाच माणूस दार उघडायला आला तर आपण पाहतो तसं. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. ठाणे स्टेशनला उतरून ती पुढे चालू लागली आणि आम्ही डोंबिवलीची गाडी पकडली. डोंबिवलीला उतरल्यावर मी कोथिंबीर घ्यायला थांबले तर ती माझ्यासाठी थांबली, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली नाही. माझ्या आधी घरातून निघून खालच्या आळीत गेली. म्हातारीकडे जेवून आली, एवढं मला केंद्रात कळलं. त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते तेव्हा तिने एक कागद माझ्यासमोर ठेवला. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र होतं.

चारच ओळींचं. माझ्या प्रकल्पाचा निष्कर्ष चुकीचा आहे. मी एका आळीत गेले आणि दुसरीत गेले नाही, आणि लिखित नोंदींवर विसंबून अर्थ लावला, तो चुकला. ही चूक सर्वस्वी माझी आहे. म्हणून प्रकल्प मी मागे घेते, आणि निवडीसाठी माझा विचार होऊ नये ही विनंती.

रजिस्टर खोटं होतं असं त्यात कुठे नव्हतं. ते कोणी लिहिलं तेही नव्हतं. खोट्या नोंदींची चौकशी लागली तर काय होतं, नोकरीतल्या माणसाचं काय काय अडकतं, हे तिला चांगलं माहीत होतं. तीन वर्षं ती तेच तर शिकत होती.

खरं सांगते, ते पत्र वाचताना सगळ्यात आधी मला पुन्हा हेवाच वाटला. कोणाला दुखवायचं नाही, कोणाला अडकवायचं नाही, आणि तरीही जे चुकलं ते चुकलं म्हणायचं, हे मला एकवीस वर्षांत एका रकान्यात जमलं नव्हतं, आणि हिने ते चार ओळींत केलं होतं. हेवा ओसरल्यावर मग बाकीचं आलं, आणि ते काही केल्या थांबेना. मी मेथीच्या काड्या आणि पानं एकाच ताटात टाकत होते.

"ती जागा?" मी विचारलं.

"ती गेली, आई." ती माझ्यासमोर खाली बसली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा होता, कामाचा. "तू नीट वाच. तुला ऑफिसची भाषा कळते. तुझ्यावर काही येत नाही ना, एवढं बघ."

मी पुन्हा वाचलं. एकेक शब्द. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, की हे फाड, मी डॉक्टरांकडे जाते, मी सांगते. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण नोकरीची उरलेली वर्षंही माझ्या डोळ्यांपुढे होती.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यावर काही येत नाही."

तिने मान हलवली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.